पासष्टी, १,५०० रुपये आणि २१,००० ची रेघ: कुंभारीतल्या एका विडी कामगार घराचा हिशेब

सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याने निघालं की कुंभारीच्या शिवारात विडी कामगारांच्या घरकुलांची वसाहत लागते. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने उभी राहिलेली दहा हजार घरं आधीची. जवळच रे नगरची तीस हजार घरं, त्यांतल्या पहिल्या पंधरा हजारांचं हस्तांतरण जानेवारी २०२४ मध्ये झालं. या अभ्यासातलं कुटुंब अशाच एका घरकुलातलं आहे. ते नमुन्यादाखल घेतलं आहे. मजुरी, खर्च आणि बाजारभाव हिशेबासाठी धरलेले आहेत. योजनांचे दर, अटी आणि मर्यादा मात्र खऱ्या आहेत. आपला हिशेब मांडायचा असेल तर हेच रकाने घेऊन स्वतःचे आकडे भरता येतील.

घरात पाच माणसं. सासू ६४ वर्षांची, विधवा, विडी कारखान्यातून ५८ व्या वर्षी निवृत्त. मुलगा ४१ वर्षांचा, एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल विणतो. सून ३७ वर्षांची, कार्डावरची, म्हणजे कारखान्यात नाव नोंदलेली विडी कामगार. नातू अकरावीत, नात आठवीत. सासू आणि सून दोघींनाही लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळतात. सासूच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे. तिच्या वयाच्या असंख्य बायकांची तीच आहे, कारण खरी तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. येत्या १ जानेवारीला तिला ६५ पूर्ण होतील आणि तिचा हप्ता थांबेल. घरातली कमाई तेवढीच राहील आणि गरजही. बदलेल ती योजना, आणि तिच्याबरोबर गरिबी मोजण्याची पट्टी.

घरात येतं काय

सुनेपासून सुरू करू. रोज ८०० विड्या, महिन्याला २२ दिवस, म्हणजे १७,६०० विड्या. हजारी, म्हणजे हजार विड्यांची मजुरी, २०० रुपये धरली तर ३,५२० रुपये. विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधीचा दर १० टक्के आहे, इतर बहुतेक ठिकाणी असतो तसा १२ नाही. म्हणून कपात ३५२. कारखान्यातून मिळालेलं पान कमी भरलं किंवा फाटकं निघालं की हजाराचा आकडा पुरा करायला बाहेरून पान घ्यावं लागतं, त्याचे १५० धरू. हातात ३,०१८. या ८०० विड्यांत सासूच्या हाताच्याही आहेत, पण तिचं कार्ड बंद झालं असल्याने नोंद सगळी सुनेच्या नावावर होते.

मुलाला आठवड्याला हप्ता मिळतो. महिन्याचे १०,५०० पडतात, पण सुताचा भाव चढला किंवा मालाला उठाव नसला की माग थांबतात, म्हणून वर्षाचे ११ महिनेच धरले: १,१५,५००. महिन्याची सरासरी ९,६२५. त्याचा पीएफ नाही.

सासूला ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीबरोबरच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन १,००० रुपये. हा आकडा कसा आला तेही पाहून ठेवू, पुढे लागणार आहे. सूत्र असं: शेवटच्या ६० महिन्यांचं सरासरी वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. तिचं नोंदलेलं सरासरी वेतन २,८०० आणि सेवा २२ वर्षं. वीस वर्षं पुरी करून ५८ ला निवृत्त होणाऱ्याला दोन वर्षांची भर मिळते, म्हणून २४. उत्तर ९६०. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० असल्याने वरचे ४० सरकारने घातले. नोंद कमी झाली की पेन्शन कमी होते; पुस्तकात जितके हजार चढले तितकंच वेतन धरलं जातं, घरात किती वळल्या हे तिथे कुणी विचारत नाही.

यात दोघींचे मिळून ३,००० घातले की महिन्याची रोख आवक १६,६४३ रुपये होते. वर्षाचं उत्पन्न, लाडकी बहीण सोडून आणि सुनेची मजुरी कपातीपूर्वीची धरून, १,६९,७४०.

धान्य, गॅस आणि बाकीचं

रेशनचं कार्ड केशरी, प्राधान्य कुटुंबाचं. माणशी ५ किलो, म्हणजे महिन्याला २५ किलो गहू-तांदूळ, जानेवारी २०२३ पासून फुकट. बाजारात सरासरी ३२ रुपये किलो धरले तर महिन्याला ८०० आणि वर्षाला ९,६०० रुपयांचं धान्य. ‘फुकट’ या शब्दाचा गाजावाजा जेवढा झाला तेवढा फरक त्या निर्णयाने पडलेला नाही. आधी तांदूळ ३ आणि गहू २ रुपये किलो होता. माणशी ३ किलो तांदूळ आणि २ किलो गहू धरले तर या घराला महिन्याला ६५ रुपये पडत. खरी मदत २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याची होती. २०२३ ने त्यातले शेवटचे ६५ रुपये माफ केले.

अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडरचे प्रत्येकी ८३० रुपये, म्हणजे २,४९० मिळायला हवेत. मिळत नाहीत, कारण जोडणी मुलाच्या नावावर आहे आणि योजनेला ती बाईच्या नावावर लागते. विडी कामगारांच्या मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती आहे: पाचवी ते आठवीला वर्षाला १,५००, अकरावी-बारावीला ३,०००. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज वेळेत गेला आणि कारखान्याच्या ओळखपत्रावरचं नाव आधारशी जुळलं तर. दवाखान्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं पाच लाखांचं कवच आहे. त्याची किंमत आजारपण येईपर्यंत शून्य आणि आल्यावर घर वाचवण्याइतकी, म्हणून ते मासिक हिशेबात बसवलेलं नाही.

आणि घरकुल. या घराला मिळालेली सगळ्यात मोठी पुनर्वाटणी तीच, पण भाडं वाचतं ते कुणी उत्पन्न म्हणून लिहीत नाही, त्यामुळे कल्याणाच्या चर्चेत ती सहसा येतच नाही.

आणि जातं काय

हे घर आयकर भरत नाही, म्हणून ‘हे लोक कर भरत नाहीत’ असं सहज म्हटलं जातं. महिन्याचा किराणा-बिलांचा हिशेब करून पाहू.

सुटी ज्वारी, डाळ, भाजी, दूध यांवर जीएसटी नाही. या घराच्या खर्चाचा सगळ्यात मोठा भाग तोच. तेल, साखर, चहा, पाकिटातला मसाला मिळून १,५०० रुपये, पाच टक्क्यांनी त्यात ७१ रुपये कर. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल ३५०. सप्टेंबर २०२५ मध्ये हे १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, त्यामुळे कर १७. धुण्याची पावडर २५०, ती १८ टक्क्यांवरच राहिली, कर ३८. गॅस ८७०, कर ४१. कपडे-चपला सरासरी ६००, कर २९. मोबाइलचं रिचार्ज ५००, कर ७६. विजेचं बिल ९००, त्यात राज्याचं १६ टक्के वीज शुल्क, सुमारे १२४. सासूच्या तंबाखूचे १५०, त्यात ४० तरी कर. मुलगा मोटारसायकलने कामावर जातो: आठ लिटर पेट्रोल, लिटरमागे केंद्र आणि राज्य मिळून कमीत कमी ४० रुपये कर धरला तरी ३२०.

बेरीज ७५६. वर्षाचे नऊ हजारांवर रुपये. रेशनच्या धान्याची किंमत ९,६०० होती, म्हणजे ती जवळजवळ सगळी अप्रत्यक्ष करांतून परत जाते. त्यातही निम्म्याहून जास्त वाटा पेट्रोल आणि विजेचा, म्हणजे जीएसटीच्या बाहेरच्या दोन गोष्टींचा. साबणावरचा कर कमी झाल्याने या घराचे महिन्याला चाळीसेक रुपये वाचले. पेट्रोलवर लिटरला पाच रुपये कमी झाले असते तरी तेवढेच वाचले असते.

म्हणून निव्वळ हिशेबात या घराला सरकारकडून खरोखर वरचढ मिळतात ते लाडकी बहीणचे वर्षाला ३६,०००. त्यातले निम्मे १ जानेवारीला जाणार आहेत.

एकाच घराला पाच रेघा

लाडकी बहीण: वय २१ ते ६५, कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, आणि पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही. या घराचं उत्पन्न १,६९,७४०. पात्र.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन: वय ६५ आणि पुढे, रक्कम तीच १,५०० (जुलै २०२३ मध्ये १,००० वरून वाढली), उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,०००. अपात्र, आणि तेही आठ पटींनी.

६४ वर्षं ३६४ दिवस या वयात शासनाच्या लेखी २ लाख ५० हजारांपर्यंतची बाई मदतीला पात्र असते. दुसऱ्या दिवशी ती मर्यादा २१ हजारांवर येते. म्हातारपण वाढलं म्हणून दार अरुंद झालं. हे कुणी मुद्दाम ठरवलेलं नाही. एक योजना २०२४ ची, तिची मर्यादा आजच्या मजुरीकडे पाहून ठेवलेली. दुसरी कितीतरी जुनी, रक्कम वाढत गेली आणि मर्यादा तशीच राहिली. महिना १,७५० रुपयांत अख्खं कुटुंब चालतं असं आज कुठलंही कार्यालय मनापासून म्हणणार नाही, पण दाखल्यावर तेच लिहून द्यावं लागतं. श्रावणबाळची रक्कमच वर्षाला १८,००० आहे.

रेशनची गोष्टही अशीच. २०१३-१४ मध्ये प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० अशी मर्यादा ठरली. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव, म्हणून ४४,००० ची रेघ. हेच कुटुंब सोलापूर शहराच्या पूर्व भागात भाड्याच्या खोलीत राहत होतं तेव्हा रेघ ५९,००० होती. घर मिळालं आणि कागदावरची गरिबीची व्याख्या पंधरा हजारांनी कडक झाली. गंमत अशी की कायद्याने राज्याला दिलेला वाटा ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के आहे, म्हणजे रेघ खाली आणि जागा जास्त. एक लाखाच्या वर उत्पन्न असेल तर खरं तर पांढरं कार्ड. यंत्रमागावरचा एकटा माणूस ही हद्द ओलांडतो, म्हणून हे केशरी कार्ड नियमाला धरून नाही. तरी ते आहे, आणि त्याच्याच जोरावर लाडकी बहीणच्या दाखल्यातून सूट मिळाली. एक जुनी मर्यादा कुणी तपासत नाही म्हणून दुसरी योजना सुरळीत चालते, हे व्यवस्थेचं खरं रूप आहे.

शेजारच्या घरात याच वयाची, याच परिस्थितीतली विधवा आहे असं समजा. ती संजय गांधी निराधार योजनेत फार आधी शिरली, तेव्हा तिचं स्वतंत्र कार्ड होतं. तिला १,५०० तिथून मिळतात, म्हणून ती लाडकी बहीणला अपात्र ठरली आणि तिने हळहळही केली असेल. ६५ ला ती सरळ श्रावणबाळमध्ये जाईल आणि एकही हप्ता चुकणार नाही. आपल्या सासूने जास्त मोकळ्या दाराने प्रवेश केला. तिला आता अरुंद दाराशी नव्याने रांग लावायची आहे.

हप्ता गेला तर

घराची रोख आवक १६,६४३ वरून १५,१४३ होईल, म्हणजे नऊ टक्क्यांची घट. सासूची स्वतःची आवक २,५०० वरून १,००० वर, साठ टक्क्यांची. पुनर्वाटणीचे आकडे कुटुंबाच्या पातळीवर मोजले की हा दुसरा आकडा दिसतच नाही. आज घरात येणाऱ्या रोख पैशातले ७,०१८, म्हणजे ४२ टक्के, बायकांच्या खात्यात किंवा हातात येतात. योजना नसती तर २९ टक्के आले असते. १ जानेवारीनंतर ३६ टक्के होतील. गोळ्या-औषधं, नातीची वही, भिशीचा हप्ता हे कुणाला न विचारता भागवण्याची ताकद या टक्क्यांत असते.

या पैशाने बायका काम सोडतात का, हा प्रश्न नेहमी येतो. १,५०० म्हणजे ७,५०० विड्या, ८०० च्या हिशेबाने नऊ दिवसांहून जास्त काम. पण विडी कामात किती वळायच्या हे कामगार ठरवत नाही. कारखाना जितकं पान-तंबाखू देईल तितकं काम. पावसाळ्यात पान कमी आलं की आठवड्याचे तीनच दिवस काम मिळतं. असं असताना १,५०० मिळाले म्हणून ८०० च्या ६०० झाल्या असं होत नाही. होतं ते एवढंच, की कामाच्या सुट्या दिवसांत साप्ताहिक वसुलीच्या कर्जाचा हप्ता चुकत नाही. तोही योजनेचा पैसा वेळेवर आला तर. मागच्या महिन्याचा पुढच्या महिन्यात येणारा हप्ता किराण्याला चालतो, कर्जाच्या वसुलीला चालत नाही.

काम सोडण्यापेक्षा वेगळीच निवड इथे वाकडी होते. मुलाच्या डोक्यात जुना छोटा टेम्पो घेऊन टॉवेलच्या गाठी वाहण्याचा विचार आहे. लाडकी बहीणच्या अटीत कुटुंबाच्या नावावर चारचाकी नको. अपवाद फक्त ट्रॅक्टरचा. मिरवायची गाडी आणि पोटाचा टेम्पो यांत नियम फरक करत नाही, आणि परिवहन खात्याची नोंद संगणकावर असल्याने ही अट उत्पन्नाच्या मर्यादेसारखी झाकली जात नाही. टेम्पो घेतला की सुनेचे वर्षाला १८,००० गेले. तीनचाकी मालरिक्षा घेतली तर काही जात नाही. माल कमी मावतो, फेऱ्या वाढतात, पण हिशेबाने तीच घ्यावीशी वाटते.

१,७५१ ते ३,२४९ चा खड्डा

समजा सासूचं उत्पन्न वेगळं धरलं गेलं आणि श्रावणबाळ मंजूर झाली. पेन्शनचे १२,००० हे २१,००० च्या आत आहेत. एकूण ३०,०००. आता ईपीएसची किमान पेन्शन १,००० वरून २,००० केली तर? वर्षाला २४,००० होतात, रेघ ओलांडली जाते, श्रावणबाळचे १८,००० जातात. केंद्राने बारा हजार वाढवले आणि बाईचे सहा हजार कमी झाले.

हा खड्डा किती रुंद आहे तेही काढता येतं. पेन्शन महिना १,७५० पर्यंत असेल तर दोन्ही मिळतात. १,७५० ला एकूण ३९,०००. रेघ ओलांडल्यावर पुन्हा ३९,००० गाठायला पेन्शनच ३,२५० व्हावी लागते. म्हणून १,७५१ पासून ३,२४९ पर्यंतची प्रत्येक पेन्शन १,७५० पेक्षा वाईट. पेन्शनधारक संघटनांची मागणी ७,५०० ची आहे. ती मान्य झाली तर खड्डा सहज ओलांडला जाईल. सरकार मधे कुठेतरी दोन-अडीच हजारांवर थांबलं, तर विडी कामगार विधवांसाठी ती वाढ म्हणजे कपात ठरेल.

अर्थशास्त्रात यावर ठरलेला उपाय आहे: रेघेऐवजी उतार. २१,००० च्या वर दर दोन रुपयांमागे एक रुपया कापा. पेन्शन २,००० झाली तर २४,००० आणि कपातीनंतरचे १६,५००, एकूण ४०,५००. वाढ झाली तर हातात वाढच राहते. कागदावर हे निर्दोष आहे. पण उताराला २४ हजार आणि २७ हजार यांतला फरक मोजणारं कार्यालय लागतं. यंत्रमागावरच्या माणसाच्या उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या चौकशीवर आणि स्वयंघोषणेवर निघतो. त्यात हजार-दोन हजारांची अचूकता शोधणं व्यर्थ. जिथे उत्पन्न दिसत नाही तिथे उत्पन्नावर आधारलेला उतारही लबाडीलाच बक्षीस देतो.

म्हणून इथे वयाला धरून सरसकट देणं आणि ज्या गोष्टी नोंदींत दिसतात त्यांवर वगळणं, हाच मार्ग टिकेल असं हिशेब सांगतो: आयकर भरणारे, सरकारी पेन्शन घेणारे बाहेर, बाकी ६५ च्या वरचे आत. किमान पायरी म्हणून श्रावणबाळची मर्यादा लाडकी बहीणइतकी अडीच लाख करता येईल. एका योजनेतून दुसरीत जाणाऱ्या बाईपुरता राज्याचा खर्च वाढत नाही, तिला आजही तेवढेच मिळतात. खर्च वाढेल तो दुसऱ्या दोन गटांमुळे: आज ६५ च्या वर असूनही काहीच न मिळणाऱ्या बायका, आणि म्हातारे पुरुष, कारण श्रावणबाळ दोघांसाठी आहे. वित्त विभागाचा विरोध तिथे असणार आणि तो पोकळ नाही. मुलाने सांभाळायचं ते सरकारने का, हाही आक्षेप येतो. २००७ चा पालकांच्या निर्वाहाचा कायदा त्याच गृहीतावर उभा आहे. पण महिना ९,६२५ कमावणाऱ्या मुलावर आईचा दावा लावून कुणाचं भलं होणार?

पैसा येतो कुठून

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी अंदाजली होती. लाडकी बहीणसाठी तरतूद ३६,००० कोटी, म्हणजे जमेच्या साडेसहा टक्क्यांच्या आसपास आणि तुटीच्या तीन चतुर्थांशाहून जास्त. तूट कर्जाने भरली जाते, त्यामुळे आजच्या हप्त्याचा काही भाग पुढच्या करदात्यांच्या नावावर आहे, आणि त्यांत हा अकरावीतला नातूही येतो.

महाराष्ट्राने याहून वेगळा रस्ता एकदा घेतला होता. १९७२ च्या दुष्काळात, ज्यात सोलापूर जिल्हाही होरपळला, रोजगार हमी आकाराला आली, वि. स. पागे तिचे जनक. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला: शहरातल्या पगारदाराकडून घेऊन खडी फोडणाऱ्याला देणं, इतकं सरळ. त्या कराची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदात आहे, १९८८ च्या दुरुस्तीपासून वर्षाला २,५००. महिना पंचवीस हजारवाला पुरुष आणि महिना पंचवीस लाखवाला दोघंही वर्षाला तेच २,५०० भरतात. देणाऱ्याची मर्यादा गोठली तर दरवर्षी त्याचा फायदा वाढतो. घेणाऱ्याची २१,००० ची मर्यादा गोठली तर दरवर्षी आणखी लोक बाहेर पडतात.

१ जानेवारीच्या आत या घराने करायचं ते

आधी गॅसची जोडणी. एजन्सीत नाव बदलून ती सुनेच्या नावावर करायची, सासूच्या नाही. सासूच्या नावावर केली तर ६५ नंतर अन्नपूर्णेचा लाभही तिच्याबरोबर अडकेल.

तोपर्यंतचे हप्ते चालू ठेवायला सासूचं ई-केवायसी पुरं हवं. त्यात पती किंवा वडिलांचं आधार मागितलं जातं. विधवेने पतीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची असते. तो दाखला नसेल तर आधी त्याच्या मागे लागावं.

श्रावणबाळचा अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. वयाचा पुरावा, पंधरा वर्षं रहिवासाचा दाखला, शिधापत्रिका, आधारशी जोडलेलं बँक खातं, उत्पन्नाचा दाखला. इथे तीन ठिकाणी अर्ज अडतो. पहिलं, शिधापत्रिकेवर जुना शहरातला पत्ता आणि दाखला दक्षिण सोलापूर तहसीलचा; पत्ता आधी कुंभारीचा करून घ्यावा. दुसरं, उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. जानेवारीत दिलेला अर्ज समितीच्या बैठकीला एप्रिलनंतर आला तर नवा दाखला मागतात, म्हणून एप्रिलमध्येच तो पुन्हा काढावा. तिसरं आणि मोठं, कार्ड एक असेल तर मुलाची कमाई विचारली जाते. नाव जुन्या दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचा प्रश्न टळतो. ती यादी आधी पाहावी.

एजंट सुचवतात तो मार्ग ‘वेगळी चूल’ दाखवून सासूचं स्वतंत्र कार्ड काढण्याचा. सासू खरोखर वेगळी राहत असेल तर तो हक्कच आहे. एका खोलीत राहून कागदावर वेगळं होणं ही खोटी घोषणा आहे, आणि वसुली निघाली तर ती म्हातारीच्या नावावर निघते. खऱ्या विभक्तीतही एक नुकसान संभवतं: तालुक्याचा इष्टांक, म्हणजे रेशनच्या लाभार्थ्यांची ठरलेली संख्या, भरलेला असेल तर नव्या कार्डावर धान्य सुरू होत नाही, म्हणजे वर्षाला ६० किलो, १,९२० रुपये गेले.

सुनेचंही आताच पाहून ठेवावं. तिची आजवरची नोंदलेली सेवा १० वर्षं धरली आणि ती ५८ पर्यंत टिकली, तर ३१ वर्षं आणि भरीची दोन मिळून ३३. वेतन ३,५२० च राहिलं तर पेन्शन १,६५९, वर्षाला १९,९१३: रेघेच्या आत. हजारी २०० ऐवजी २१५ झाली तर वेतन ३,७८४, पेन्शन १,७८४, वर्षाला २१,४०० च्या घरात, आणि मर्यादा आजचीच राहिली तर ६५ व्या वर्षी, एकटी राहत असली तरीही, ती श्रावणबाळला अपात्र.